मंगळवेढ्याची भिंत आणि पंढरीची पायरी

देवळाच्या इतिहासावर बोलण्यास कामगारसंघटनेचा माणूस उभा राहिला हे पाहून आपणांपैकी कित्येकांना नवल वाटले असेल. आमची शाळा चौथीतच सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कामगारवस्तीतल्या वाचनालयात आणि आषाढीच्या वाटेवर. तेव्हा पंडिताची अपेक्षा आपण ठेवू नये. आम्ही पंढरी पाहिली ती मजुराच्या डोळ्याने, आणि तेवढेच आज सांगणार आहो.

पंढरीच्या कथांतली एक गोष्ट आमच्या प्रथम नजरेत भरली. अन्य क्षेत्रांचे देव दैत्य मारतात, वर देतात. हा देव कामाला लागतो. जनाबाईच्या जात्याला हात लावतो, गोवऱ्या वेचतो. चोख्याबरोबर मेलेली गुरे ओढतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लोकांना खुली केली, तेव्हा विठू महार होऊन बिदरच्या दरबारात पैसे भरून येतो. सेना न्हावी पूजेत गुंतला म्हणून त्याची धोकटी खांद्याला लावून राजाची हजामत करून येतो. गेटसभेत ही कथा सांगितली की लोक हसतात; कारण दुसऱ्याच्या जागी पाळी भरणाऱ्याला गिरणीत ‘बदली’ म्हणत. पांडुरंग हा आमचा पहिला बदली कामगार! आणि मुळात तो तेथे उभा का राहिला? पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. त्याने वीट भिरकावली आणि थांब म्हटले. काम पुरे होईपर्यंत देवाने थांबावे, हा या क्षेत्राचा पाया आहे.

पण जो देव मजुराच्या घरी जातो, त्याच्या घरी मजुराला जाता येत नसे. चोखोबांच्या घरी देव जेवायला आला अशी कथा आहे. सोयराबाईच्या हातून वाढताना दही सांडले. चोखोबा त्यावरून जे बोलले ते बाहेरून जाणाऱ्या पुजाऱ्याने ऐकले, हा देवाचेच नाव घेऊन बोलतो म्हणून त्याला थोबाडीत मारली, आणि देवळात येऊन पाहतो तो देवाचाच गाल सुजलेला! या कथा आपल्यापर्यंत आल्या त्या बऱ्याचशा महिपतींच्या ‘भक्तविजया’तून, आणि तो ग्रंथ १७६२ सालचा, म्हणजे चोखोबांनंतर चारशेहून अधिक वर्षांचा. तेव्हा तिला कोणी पुरावा म्हणणार नाही. मात्र ही कथा रचणाऱ्यांना अन्याय कोणता हे पक्के ठाऊक होते, एवढे तिच्यावरून नक्की कळते.

आता भिंतीकडे येऊ. पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटरांवर मंगळवेढे आहे. तेथील गावकुसाच्या डागडुजीला महारांना वेठीस धरले होते. वेठ म्हणजे मजुरी नाही आणि नकारही नाही. भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. परंपरा ते साल शके १२६०, म्हणजे १३३८, असे सांगते. नामदेव तेथे गेले, ढिगाऱ्यातली हाडे एकेक करून कानाशी लावली, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून गोळा केली आणि महाद्वाराशी आणून त्यांची समाधी बांधली. कीर्तनात या ठिकाणी टाळ्या पडतात, डोळे भरून येतात. आमचेही येतात. पण आम्हांला दरवेळी एक प्रश्न छळतो. हाडे निवडावी लागली, याचा अर्थ तेथे दुसऱ्यांचीही हाडे होती. ती माणसे कोण?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकातून सुचलेला नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका बांधकामावर भिंत पडली. ढिगारा उपसला तेव्हा दोन बाया सापडल्या, त्यांची नावे हजेरीपटावर नव्हती. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून होता; परंतु ठेकेदार म्हणाला, या आमच्याकडे कामाला नव्हत्याच. त्यांचे जेवणाचे डबे तेथेच सापडले होते, त्यांवर कासाराने नावे कोरली होती. ते डबे आम्ही साहेबापुढे नेऊन ठेवले. निकाल लागायला चार वर्षे गेली.

पंढरीच्या मंदिरात नावांचा एक दगड आहे. त्याला चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणतात. शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७, या काळात ज्यांनी मंदिराला देणग्या दिल्या त्यांची नावे त्यावर आहेत. यादव राजा रामचंद्रदेव आणि त्याचा मंत्री हेमाद्री हेही त्यांत आहेत. लोकांची समजूत अशी, की या दगडाला पाठ घासली म्हणजे चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो. पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांनी पाठी घासल्या, त्यांत राजांची अक्षरे झिजली. यात आम्हांला थोडी गंमत वाटते, हे कबूल करतो.

दार उघडायला मात्र फार काळ गेला. १९४७ च्या मे महिन्यात सानेगुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले, त्यानंतर अस्पृश्य म्हटल्या गेलेल्यांना विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवता आले. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यांत चोखोबा होते. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने गेले खरे, पण दावे चालले ते २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागवले.

आमच्याबरोबर वारीला बांधकामावरच्या काही बाया येतात. नामदेवाच्या पायरीला त्या हात लावतात, मग चोखोबांच्या समाधीपुढे बसतात. त्यांच्यातली एक म्हातारी प्रत्येक वर्षी दोन ठिकाणी फुले वाहते; एक समाधीवर, आणि एक तिच्या बाजूच्या मोकळ्या फरशीवर. फरशीवर कोणासाठी, असे आम्ही एकदा विचारले. ती म्हणाली, “अवो भाऊ, त्यो काय एकलाच हुता का भितीखाली?”