प्रतिबंधकाचा अभाव : रेटिनोब्लास्टोमाविषयक संशोधनाचा इतिहास

कर्करोगाच्या रेण्वीय जीवशास्त्राचा इतिहास सांगताना प्रयोगशाळा व उपकरणे यांचा उल्लेख प्रथम होतो. तथापि या शास्त्रातील एक मूलभूत कल्पना जुन्या रुग्णनोंदी आणि साधे संख्याशास्त्र यांच्या आधारे मांडली गेली. कर्करोग काही आगंतुक आल्यानेच होतो असे नव्हे. मुळात असलेले काही हरपल्यानेही तो होतो, ही ती कल्पना होय.

रेटिनोब्लास्टोमा हे दृष्टिपटलाच्या अपक्व पेशींत उद्भवणारे अर्बुद. ते बहुधा वयाच्या पाचव्या वर्षाच्या आतच प्रकट होते. काही मुलांच्या दोन्ही डोळ्यांत ते आढळते, काहींच्या एकाच. काही कुटुंबांत ते पिढ्यान्पिढ्या येते, तर इतरत्र पूर्वी कोणासही नसताना उद्भवते. एकाच रोगाच्या या दोन रूपांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न होता.

१९७१ मध्ये आल्फ्रेड नड्सन (१९२२–२०१६) यांनी ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातील ४८ मुलांच्या नोंदी अभ्यासल्या. त्यांपैकी २३ मुलांचे दोन्ही डोळे रोगग्रस्त होते, २५ मुलांचा एकच. रोगनिदान व्हावयाचे राहिलेल्या मुलांचे प्रमाण वयानुसार कसे घटते, याचा त्यांनी लघुगणकीय आलेख काढला. पहिल्या गटाची रेषा सरळ उतरत होती; म्हणजे तेथे एकच आकस्मिक घटना पुरेशी होती. दुसऱ्या गटाची रेषा वक्र होती; तेथे दोन घटना आवश्यक होत्या. यावरून नड्सन यांनी असा निष्कर्ष काढला की, दोन्ही रूपांत घटना दोनच असतात. मात्र आनुवंशिक रूपात पहिली घटना जन्मतःच प्रत्येक पेशीत असते. अशा वाहकात सरासरी तीन अर्बुदे होतात असे त्यांचे गणित होते. त्यानुसार शंभरांतील सुमारे पाच वाहक रोगमुक्त राहतात, आणि मधली पिढी वगळून रोग का येतो याचाही उलगडा होतो.

हे दोन आघात एकाच जनुकाच्या दोन प्रतींवर होतात, असे डेव्हिड कमिंग्स यांनी १९७३ मध्ये स्पष्टपणे मांडले. १९८३ मध्ये वेब्स्टर कॅव्हनी व त्यांचे सहकारी यांनी अर्बुदपेशींत तेराव्या गुणसूत्राच्या संबंधित भागाची निरोगी प्रत नाहीशी झालेली असते, हे दाखवून दिले. १९८६ मध्ये ते जनुक हाती लागले. पेशीविभाजनाला वेसण घालणारे प्रथिन त्यापासून तयार होते.

येथे परिभाषेचा प्रश्न उपस्थित होतो. सत्तरच्या दशकात पेशीला कर्काकडे ढकलणाऱ्या जनुकांचा शोध लागला; त्यांना कर्कजनुके म्हणतात. साहजिकच या दुसऱ्या वर्गास काही काळ ‘प्रतिकर्कजनुक’ म्हटले गेले. स्वतः नड्सन यांनीही ते नाव वापरले. परंतु त्या नावावरून हे जनुक कर्कजनुकाशी झुंजते असा भास होतो. वस्तुतः ते निरोगी पेशीतले आपले नित्याचे काम करीत असते. पुढे रूढ झालेले ‘अर्बुदनिरोधक जनुक’ हे नाव अधिक ग्राह्य होय. आपल्या नैयायिकांनी दाहासारख्या कार्याला प्रतिबंधकाचा अभावही कारण मानला. जवळ मणी असता अग्नी जाळीत नाही, मणी दूर होताच जाळतो. त्यांना जीवशास्त्र अवगत होते असा याचा अर्थ नव्हे. परंतु ही कारणमीमांसा समजून घेण्यास लागणारी संज्ञा आपल्याकडे तयार आहे, एवढे निश्चित.

या जनुकाचे रूढ नाव, आर-बी, हेही असेच फसवे आहे. ते जनुकाच्या कार्यावरून पडलेले नसून त्याच्या अभावी होणाऱ्या रोगावरून पडले आहे. या प्रथिनाचे कार्य डोळ्यापुरते मर्यादित नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूचे एक प्रथिन याच निरोधकास निष्प्रभ करते, हे १९८९ मध्ये दिसून आले. आनुवंशिक रूपातून बचावलेल्या मुलांना पुढे अस्थिकर्काचा धोका राहतो, त्याचेही मूळ येथेच आहे.

या विवेचनाचे मोल केवळ तात्त्विक नाही. रुग्ण मुलातील जन्मजात दोष नेमका ठाऊक असल्यास त्याच्या भावंडांची तपासणी करता येते. ज्यांच्यात तो दोष नाही, त्यांना भूल देऊन वारंवार होणाऱ्या नेत्रतपासणीतून मुक्ती मिळते. ज्यांच्यात आहे, त्यांचे अर्बुद लहान असतानाच सापडून दृष्टी वाचण्याचा संभव वाढतो. अठ्ठेचाळीस मुलांच्या नोंदींतून निघालेल्या एका वक्ररेषेचे हे फलित होय.