रिकाम्या खिशाचा जगप्रवासी : इब्न बतूता

जगप्रवास हा श्रीमंतांचा षोक आहे, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. मुलगा शिकायला परगावी निघाला तरी घरात पहिला प्रश्न निघतो तो खर्चाचा; मग देशोदेशी हिंडण्याची गोष्टच नको! परंतु इतिहासाची पाने चाळली तर एक वेगळेच चित्र दिसते. मध्ययुगातील सर्वांत मोठा मुसाफिर घरातून निघाला तेव्हा तो व्यापारी नव्हता, सरदार नव्हता, राजाचा वकीलही नव्हता. तो एकवीस वर्षांचा, शिक्षण अर्धवट झालेला एक तरुण होता. त्याचे नाव अबू अब्दुल्लाह मुहम्मद इब्न बतूता.

१३०४ साली मोरोक्कोतील तांजा (टँजियर) या बंदरगावी त्याचा जन्म झाला. घराणे काझींचे, म्हणजे विद्येचे, पैशाचे नव्हे. १४ जून १३२५ रोजी हजच्या इराद्याने तो एकटाच घराबाहेर पडला. आईवडील हयात होते. त्यांचा निरोप घेताना त्याचे काळीज गलबलून गेले. तो मायदेशी परतला तो १३४९ साली. त्यानंतर अंदलुस आणि पश्चिम आफ्रिका पाहून १३५४ च्या सुमारास तो कायमचा स्थिरावला. या जवळजवळ तीस वर्षांत त्याने सुमारे १ लाख १७ हजार किलोमीटरांचा प्रवास केला, असा हिशेब मांडला जातो. आगगाडी नाही, आगबोट नाही, बँकेची हुंडी पदरी नाही. मग हा माणूस जगला कशावर? या एका प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच या लेखाचा हेतू आहे.

पहिली खैरात

प्रवासाची सुरुवात काही सुखाची नव्हती. वाटेत तापाने गाठले. आपण मागे पडू या धास्तीने त्याने पागोट्याच्या कापडाने स्वतःला खोगिराला बांधून घेतले आणि तसाच पुढे निघाला. कुसंतीना (कॉन्स्टंटाइन) येथे पावसाने त्याचे कपडे चिखलाने माखले होते. तेथील सुभेदाराने ते धुवून देण्याची व्यवस्था केली. अंगावरची चादर विरलेली पाहून नवी पाठवली आणि तिच्या एका पदराला सोन्याचे दोन दिनार बांधले. प्रवासात मिळालेली ही पहिली मदत, अशी नोंद इब्न बतूताने आवर्जून केली आहे. पुढे ट्यूनिसमध्ये सारे लोक आपापल्या आप्तांना भेटत असता आपली विचारपूस करणारे कोणी नाही, हे पाहून त्याला रडू कोसळले. तेव्हा एका यात्रेकरूने पुढे होऊन त्याला धीर दिला. त्याच ट्यूनिसहून काफिला निघाला तेव्हा या तरुणाला काफिल्याचा काझी नेमण्यात आले. फिक्हचे जे थोडेफार ज्ञान गाठीशी होते, तेच त्याच्या उपयोगी पडले.

वक्फाची शिदोरी

इब्न बतूताच्या प्रवासाचे खरे इंधन म्हणजे वक्फ. वक्फ म्हणजे आपली मालमत्ता अल्लाहच्या नावे कायमची राखून ठेवणे. ती विकायची नाही, वारसांत वाटायची नाही. तिच्या उत्पन्नातून ठरवून दिलेले सत्कार्य चालवायचे. मदरसे, दवाखाने, सराया, खानकाही, पाणपोया या उत्पन्नावर चालत.

कैरोच्या खानकाहींचे त्याने केलेले वर्णन वाचण्यासारखे आहे. नवा फकीर दाराशी येई तो कंबर कसून, खांद्यावर मुसल्ला, उजव्या हातात काठी आणि डाव्या हातात पाण्याचे भांडे घेऊन. द्वारपाल आत वर्दी देई. कोठून आलात, वाटेत कोठे उतरलात, गुरू कोण, एवढी चौकशी झाली की त्याला जागा मिळे. प्रत्येकाला स्वतंत्र भांड्यात जेवण, हिवाळ्याचे व उन्हाळ्याचे कपडे, दरमहा २० ते ३० दिरहम, कपडे धुण्यास साबण, हमामखान्याची फी आणि दिव्यासाठी तेल! आजच्या एखाद्या वसतिगृहाच्या चालकांनी हेवा करावा अशी ही व्यवस्था होती.

१३२६ साली तो दमिश्कला पोहोचला. तेथील वक्फांचे प्रकार मोजता मोजता तो थकला. गरीब मुलींच्या लग्नासाठी वक्फ, कैद्यांच्या सुटकेसाठी वक्फ, रस्तेदुरुस्तीसाठी वक्फ. आणि मुसाफिरांना अन्न, वस्त्र व गावी परतण्याचा खर्च देण्यासाठीही वक्फ. एके दिवशी त्याने गल्लीत एक गुलाम पोर पाहिले. त्याच्या हातून चिनी मातीची थाळी पडून फुटली होती आणि भोवती माणसे जमली होती. कोणीतरी त्याला तुकडे गोळा करायला सांगितले आणि भांड्यांच्या वक्फाच्या व्यवस्थापकाकडे नेले. व्यवस्थापकाने तुकडे पाहून तशीच थाळी घेण्याइतके पैसे त्या पोराच्या हाती ठेवले. मालकाच्या माराच्या भीतीने त्याचे मन मोडू नये म्हणून कोणा अनामिकाने ही तरतूद करून ठेवली होती.

त्याच शहरात इब्न बतूता आजारी पडला. एका मालिकी अध्यापकाने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, शुश्रूषा केली आणि हजला निघताना उंट, शिधा आणि वर रोख रक्कमही दिली. त्या मुक्कामात उमय्या मशिदीत चौदा बैठकांत त्याने सहीह बुखारीचे श्रवण केले आणि विद्वानांकडून इजाजतनामे मिळवले. हे इजाजतनामे म्हणजेच पुढच्या वाटेवरचे त्याचे चलन ठरले. मक्केहून इराककडे जाणाऱ्या काफिल्यातही गरिबांसाठी पाण्याचे उंट, शिध्याचे उंट आणि आजाऱ्यांसाठी औषधे व साखर यांची सोय होती.

मोच्याची मेजवानी

आता अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, घडलेली एक गोष्ट ऐका. अंतालिया गावी फाटक्या कपड्यांचा, डोक्यावर नमद्याची टोपी घातलेला एक माणूस येऊन काही बोलू लागला. इब्न बतूताला तुर्की येत नव्हती. तो तुम्हाला साथीदारांसह जेवायला बोलावतो आहे, असे दुभाष्याने सांगताच तो चकित झाला. हा गरीब आपल्याला काय जेवू घालणार? तेव्हा कळले, की हा माणूस मोची आहे. पण सुमारे दोनशे कारागिरांनी त्याला आपला ‘अखी’ म्हणजे म्होरक्या निवडले आहे. हे कारागीर दिवसभर राबत. असरच्या नमाजानंतर दिवसाची कमाई म्होरक्याकडे आणून देत. त्यातून फळे व जेवण आणले जाई. गावात मुसाफिर आला असेल तर तो पाहुणा. नसेल तर सर्वजण एकत्र बसून जेवत. लादिक गावी तर दोन गटांत ‘पाहुणे आमचे’ म्हणून सुरे निघाले! शेवटी चिठ्ठ्या टाकून तंटा मिटवावा लागला.

सुलतानाची थैली

१२ सप्टेंबर १३३३ रोजी इब्न बतूता सिंधू नदीकाठी आला. येथून त्याच्या प्रवासाचा रंग पालटला. सुलतान मुहम्मद बिन तुघलक परदेशी विद्वानांना मोठी मानमरातब देई. आणलेल्या नजराण्याच्या कितीतरी पट परत देई. म्हणून सिंधमधील सावकार नवागतांना नजराण्यासाठी हजारोंनी कर्ज देत. इब्न बतूता दिल्लीचा मालिकी काझी झाला. वार्षिक तनखा १२ हजार दिनार, शिवाय गावांचे उत्पन्न.

आणि गंमत पाहा! दोन दिनारांवर खूश होणारा हा मुसाफिर येथे ५५ हजार दिनारांच्या कर्जात बुडाला. ते फेडण्यासाठी त्याला सुलतानाच्या स्तुतीची कविता रचावी लागली. पुढे सुलतानाच्या मर्जीतून उतरलेल्या एका शेखची भेट घेतली म्हणून त्याच्यावर पहारा बसला. शेखचा शिरच्छेद झाला. हा थोडक्यात वाचला. हा पैसा येत होता कोठून, हेही विसरता कामा नये. त्याच वर्षांत दोआबातील रयत वाढीव कराखाली पिचली होती आणि दुष्काळाने लोक मरत होते.

दख्खन आणि किनारा

१३४२ साली सुलतानाचा वकील म्हणून नजराण्यांसह तो चीनकडे निघाला. अलिगढजवळ लुटारूंनी त्याला अंगावरच्या कपड्यांनिशी सोडले. रानात भटकताना त्याने पायातला जोडा पागोट्याच्या कापडाला बांधून विहिरीतून पाणी काढले. तेथून सुटका झाल्यावर ग्वाल्हेर, धार, उज्जैनमार्गे तो आपल्या देवगिरी-दौलताबादेस आला. नंदुरबारचे मराठे हुन्नरी कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी आहेत. भात, भाजी आणि तिळाचे तेल हे त्यांचे अन्न आहे, असे त्याने लिहिले आहे. पुढच्या सागर गावी बागांमधून मुसाफिरांसाठी मठ होते. मठ बांधणारा आपली बागच त्याला वक्फ करून देई.

खंबायतहून गलबताने गोव्याच्या बाजूने तो होनावरला उतरला. तेथे त्याला मुलींच्या १३ आणि मुलांच्या २३ शाळा दिसल्या. असे दुसरीकडे कोठे पाहिले नाही, अशी त्याची नोंद आहे. चौदाव्या शतकात, आपल्या कोकणाला लागून असलेल्या किनाऱ्यावर मुलींच्या तेरा शाळा! मलबारच्या वाटेवर दर अर्ध्या मैलाला लाकडी विसाव्याची घरे होती. मुसाफिर हिंदू असो वा मुसलमान, प्रत्येकाला तेथे बसण्यास बाक आणि विहिरीचे पाणी मिळे. हिंदूस भांड्यातून आणि मुसलमानास ओंजळीत, असा भेद होता. पण तहानलेला कोणी परत जात नसे.

कालिकतच्या वादळात नजराण्यांचे जहाज फुटले. हाती उरले दहा दिनार आणि एक सतरंजी. पुढे चाच्यांनी उरलेसुरलेही लुटले. केवळ विजारीनिशी तो कालिकतच्या मशिदीत शिरला. एका फकीहाने अंगरखा पाठवला, काझीने पागोटे आणि एका व्यापाऱ्याने आणखी एक वस्त्र. सुलतानाची दौलत समुद्रात गेली. मशिदीतली माणुसकी मात्र जागेवर होती.

मिठाचे खडे

अखेरची मोठी सफर १३५२ साली मालीच्या राज्यात. तेथे मुसाफिराला दिनार-दिरहम बाळगावे लागत नसत. मिठाचे तुकडे, काचेचे मणी आणि लवंगांसारखे थोडे सुगंधी जिन्नस घेतले की गावोगावच्या बाया त्याबदली धान्य, दूध, कोंबड्या आणून देत. वाटा इतक्या निर्धोक, की मोठ्या काफिल्याचीही गरज नव्हती.

दोन थैल्या

इब्न बतूताला निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. त्याने गावोगावी लग्ने केली आणि बायका-मुले मागे सोडली. गुलाम बाळगले. त्याचा ‘रिहला’ १३५५ साली आठवणीतून सांगून झाला आणि इब्न जुझय्य याने तो लिहून काढला. त्यातील काही वर्णने आधीच्या इब्न जुबैरच्या ग्रंथावरून घेतलेली आहेत आणि चीनच्या भागाविषयी अभ्यासकांना शंका आहेत. तरीही एक गोष्ट स्वच्छ दिसते. त्याला दोन थैल्यांनी पोसले. एक सुलतानाची. ती मोठी होती, पण तिच्याबरोबर कर्ज, खुशामत आणि पहारा आला. दुसरी मोच्याची, बागवानाची, अध्यापकाची आणि नाव मागे न ठेवलेल्या वाकिफांची. ती लहान होती, पण तिने कधी परतफेड मागितली नाही आणि ती कधी रिती झाली नाही.

कमी पैशात जग पाहणाऱ्याच्या धाडसाचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. परंतु तो ज्या चटईवर झोपला, ती कोणीतरी आधी अंथरून ठेवलेली होती. आज खेड्यातून शहरात शिकायला येणारा मुलगा किंवा मुलगी हाच आपल्या दाराशी आलेला मुसाफिर आहे. त्याला लागते एक खोली, दोन वेळचे जेवण, रात्री वाचायला दिवा आणि आजारपणात विचारपूस करणारे माणूस. कैरोच्या खानकाहीत याहून फार वेगळे काही नव्हते. फुटलेल्या थाळीसाठीही वक्फ करणाऱ्यांचा वारसा आपण अभिमानाने सांगतो. वारसा सांगणे सोपे असते. अंतालियाच्या त्या मोच्याप्रमाणे दिवसाच्या कमाईतला वाटा संध्याकाळी आणून ठेवणे, हे त्या वारशाचे खरे मोल आहे.