जिन्यावरील दिवा आणि त्याचे दोन धनी

दिवा लावणें व मालवणें ही क्रिया आतां इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिलाही कांहीं इतिहास असेल अशी शंका सहसा कोणास येत नाहीं. परंतु वाळूजच्या बजाजनगरांतील एखाद्या दुमजली घराचा जिना पाहावा. खालीं एक बटण, वर एक बटण, मध्यें एक दिवा. कोणतेंही बटण दाबा, दिवा आज्ञा पाळतो.

ह्या बटणास तीन टोकें असतात. दोन बटणांमधून दोन तारा धावतात. दोन्ही बटणें एकाच तारेवर आलीं म्हणजे दिवा लागतो. तिसरें ठिकाण हवें असल्यास मध्यें चार टोकांचें 'इंटरमीडिएट' बटण बसवितात. येथें कोणी धाकला नाहीं, कोणी थोरला नाहीं. शेवटचा हात ज्याचा, शब्द त्याचा.

बटण हें विजेच्या दिव्यामागून आलें. १८८४ मध्यें न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स ह्यानें मंडल झटक्यानें तोडणारें बटण काढलें, म्हणून ठिणगी आटोक्यांत राहिली. मुंबईस १९०५ मध्यें वाडीबंदरास वीजघर झालें, १९१५ मध्यें खोपोलीची जलविद्युत् आली. वाळूज मात्र १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. १९८५ मध्यें बजाजचा कारखाना सुरू झाल्यावर त्याचें रूप पालटलें.

दिवा मंद करण्याची हौस प्रथम नाटकगृहांची. तेथें वाढीव शक्ति अवरोधक तारेंत उष्णतेच्या रूपानें जळून जाई. आपल्याकडील पंख्याचा जुना रेग्युलेटर तापे तो ह्याच कारणानें. १९५९ मध्यें न्यूयॉर्कच्या जोएल स्पायरा ह्यानें अर्धवाहकांचा घरगुती डिमर सिद्ध केला. तो शक्ति जाळीत नाहीं. प्रवाहाच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा कांहीं भाग, म्हणजे आपल्याकडे सेकंदास शंभर वेळां, कापून टाकितो.

आतांचा 'स्मार्ट' डिमर ह्याचाच वंशज, परंतु त्यास दूरचा हुकूम ऐकावयाचा असल्यामुळें अखंड जागें राहावें लागतें. त्याच्या वाटेंत जुनें बटण तसेंच राहिलें, तर तें बंद होतांच डिमर झोंपतो व मग फोनवरून कितीही हांका मारल्या तरी ओ देत नाहीं. ह्यासाठीं फेज व, डिमर तशा जातीचा असल्यास, न्यूट्रल त्यास कायम द्यावे, त्याची तार थेट दिव्याकडे न्यावी आणि जुनीं बटणें प्रवाहाच्या मार्गांतून काढून, डिमरला तशी सोय असेल तर, केवळ इशारा देण्यापुरतीं जोडावीं.

ह्या फेरबदलांत घराची जणूं घटनाच पालटते. काल जीं बटणें समान अधिकारी होतीं, तीं आज अर्जदार होतात. पूर्वीं एक बटण अडकून बसलें तरी दुसरें आपलें काम करी. आतां डिमर बिघडला कीं सर्व एकदम मुकीं.

नव्या सोयीस आमचा विरोध नाहीं. परंतु रात्रीं जिना उतरणाऱ्या वृद्धाचा हात फोनकडे नव्हे, भिंतीकडे जातो. तेथें त्यास उजेड मिळालाच पाहिजे. म्हणून वायरमननें एकही जुनें बटण निरुपयोगी करून ठेवूं नये, आणि जोडणीचा नकाशा बोर्डाच्या आंत चिकटवावा. ज्या घराची जोडणी पुढच्या वायरमनला उमजत नाहीं, त्या घरांत पुढची दुरुस्ती अंधारांतच करावी लागते.