कृपा, मानवी स्वातंत्र्य आणि रोमचे मौन

मयताच्या घरी आपल्याकडे एक वाक्य हमखास कानी येते : 'सटवीने लिहिले ते टळत नाही.' बाप्तिस्मा होऊन चार शतके उलटलेल्या घराण्यांतही ते ऐकू येते, आणि सांत्वनाचे शब्द शोधणाऱ्या धर्मगुरूला ते दर वेळी अडवते. काही वर्षांपूर्वी व्यसनापायी गेलेल्या एका तरुणाच्या वडिलांनी मला विचारले, "फादर, हा असा जाणार हे देवाला आधीच ठाऊक होते ना? मग पोराच्या हातात होते तरी काय?" मी त्यांचा हात धरून बसून राहिलो, उत्तर दिले नाही. हाच प्रश्न ख्रिस्तसभेतल्या दोन विद्वान संघांनी तब्बल पंचवीस वर्षे लढवला होता, याची आठवण परतीच्या वाटेवर झाली.

मनुष्याची इच्छा बद्ध आहे, असे मार्टिन लूथर यांनी १५२५ साली प्रतिपादन केले होते. ट्रेंटच्या महासभेने १५४७ मध्ये त्याला उत्तर दिले : कृपेवाचून मनुष्य तरत नाही, परंतु कृपेने चालना दिलेली इच्छा नकारही देऊ शकते. दोन्ही गोष्टी श्रद्धेने मान्य करावयाच्या. त्यांचा मेळ कसा घालावयाचा, ते मात्र महासभेने सांगितले नाही.

१५८२ साली सालामांकातील एका जाहीर वादसभेत ठिणगी पडली. १५८८ मध्ये येशूसंघीय लुईस दे मोलिना यांचा लॅटिन ग्रंथ लिस्बनमध्ये छापला गेला आणि वणवा पेटला. ग्रंथाचे नाव 'कॉन्कॉर्डिया', म्हणजे मेळ! (त्यांचेच संघबंधू फादर थॉमस स्टीफन्स त्या सुमारास गोव्यात होते; त्यांचे 'ख्रिस्तपुराण' पुढे १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले.) प्रतिपक्षी होते सालामांकाचे डॉमिनिकन प्राध्यापक दोमिंगो बान्येझ. आविलाच्या संत तेरेजा ज्यांचा सल्ला घेत, तेच हे बान्येझ.

बान्येझ म्हणत : निर्मिलेली कोणतीही वस्तू परमेश्वराने आधी हलवल्यावाचून हलत नाही, इच्छाही नाही. मात्र तो प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीप्रमाणे हलवतो. अग्नीला अग्नीसारखे, स्वतंत्र मनुष्याला स्वतंत्रपणे. मोलिनांना हे स्वातंत्र्य नावापुरते वाटले. त्यांनी दुसरी वाट काढली. काय काय घडू शकते हे परमेश्वर जाणतो, काय घडणार हेही जाणतो. पण या दोहोंच्या मध्ये आणखी एक ज्ञान आहे. अमुक मनुष्य अमुक परिस्थितीत आपखुशीने काय करील, तेही तो जाणतो.

आधार म्हणून पवित्र शास्त्रातील कईलाची कथा दिली जात असे. दाविदाने कईला नगर पलिष्ट्यांपासून सोडवले. तेवढ्यात शौल चालून येणार अशी वार्ता आली. दाविदाने परमेश्वराला विचारले, हे लोक मला शौलाच्या हाती देतील का? उत्तर आले, देतील. दावीद आपली सुमारे सहाशे माणसे घेऊन निघून गेला. शौल आला नाही, कोणी कोणाला धरून दिले नाही. जे घडलेच नाही ते परमेश्वराला ठाऊक होते, आणि ते ज्ञान दाविदाला बांधणारे नव्हते. उलट त्याला वाट मोकळी करून देणारे होते.

सेमिनरीत असताना मी या युक्तिवादावर मोहित झालो होतो. आज तितका नाही. कईलाच्या लोकांनी दाविदाला धरून दिलेच नाही; मग 'दिले असते' हे सत्य वसते कोठे? लोकांच्या स्वभावात म्हणावे, तर स्वभावच त्यांना बांधतो. परमेश्वराच्या संकल्पात म्हणावे, तर आपण पुन्हा बान्येझ यांच्या दारात!

महाविद्यालयातील मुले आता हाच प्रश्न देवाचे नाव न घेता विचारतात. विश्वाची या क्षणाची स्थिती पूर्णपणे कळली तर पुढचे सारे कळेल, असे लाप्लास यांनी १८१४ मध्ये लिहिले. १९२७ मध्ये हायझेनबर्ग यांच्या अनिश्चिततेच्या तत्त्वाने त्या विश्वासाला हादरा दिला, तेव्हा इच्छास्वातंत्र्य परत मिळाले असे अनेकांना वाटले. मला वाटत नाही. माझ्या मेंदूतील एखादा कण योगायोगाने इकडचा तिकडे झाला म्हणून मी चोरी केली असेन, तर पापनिवेदनात मी सांगू तरी काय? फाशांनी ठरवलेले कृत्य साखळीने ठरवलेल्या कृत्याइतकेच परके.

रोमकडे वळू या. एकमेकांवर पाखंडाचे आरोप वाढले, तेव्हा पोप आठवे क्लेमेंट यांनी प्रकरण स्वतःकडे घेतले. १५९८ मध्ये चौकशी मंडळाने मोलिनांच्या ग्रंथाचा निषेध व्हावा असा अभिप्राय दिला. पोपमहोदयांनी तो परत फेरविचाराला पाठवला. १६०२ पासून ते स्वतः अध्यक्षस्थानी बसू लागले. अडुसष्ट बैठका झाल्या, १६०५ मध्ये ते वारले. पोप पाचवे पॉल यांनी आणखी सतरा बैठका घेतल्या. तोवर मोलिना (१६००) आणि बान्येझ (१६०४) दोघेही निकाल न ऐकताच गेले होते.

२८ ऑगस्ट १६०७, संत ऑगस्टिन यांचा सण. कार्डिनलांची मते ऐकून घेतल्यावर पोपमहोदयांनी ठरवले : दोन्ही मतांपैकी कोणतेही दोषी नाही, दोन्ही संघांनी आपापले मत शिकवावे, मात्र दुसऱ्याला दूषण देऊ नये, अंतिम निर्णय योग्य वेळी जाहीर होईल. १६११ मध्ये या विषयावर परवानगीवाचून ग्रंथ छापण्यासही मनाई झाली. काही टीकाकार याला रोमची चालढकल म्हणतात. पंच्याऐंशी बैठका ऐकून 'आम्हांला अजून ठरवता येत नाही' असे म्हणणे मला चालढकल वाटत नाही. ती योग्य वेळ अद्यापि आलेली नाही.

त्या तरुणाच्या वर्षाच्या मिस्साबलिदानानंतर त्याचे वडील साक्रिस्तीत आले. मी त्यांना मोलिना, बान्येझ काही सांगितले नाही. कईलाची गोष्ट तेवढी सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दाविदाने आधी विचारले तरी, फादर."