ओढलेला धागा

फारसीत 'कशीदन' म्हणजे ओढणे आणि 'कशीदा' म्हणजे जे ओढले गेले ते. सुईमागून धागा ओढला जातो, एवढ्या साध्या निरीक्षणावरून वेलबुट्टीच्या कामाला पडलेले हे नाव सुलतानी अमलाच्या वाटेने दख्खनच्या मुलखात उतरले आणि मराठी माजघरात असे काही स्थिरावले की, त्याचे परकेपण कोणी सांगितल्यावाचून ध्यानात येऊ नये. हुक्क्याचा 'कश', सोन्यारुप्याची तार ओढणाऱ्याची 'तारकशी', हिंदुस्थानीतली ओढाताण म्हणजे 'कशमकश', हे सारे त्याचे सख्खे भाऊबंद. स्तुतिपर काव्याचा 'कसीदा' मात्र अरबी घराण्यातला. केवळ नामसादृश्यावरून त्याला या वंशावळीत घुसडणे म्हणजे खोट्या सनदेवर वतन लाटण्यापैकीच होय.

मौज अशी की, मराठीने या शब्दाला जे क्रियापद जोडून दिले तेही त्याच अर्थाचे निघाले. कशिदा आपण करीत नाही, विणीतही नाही. रांगोळी काढावी, विहिरीतून पाणी काढावे, तसा तो 'काढतो', आणि अशा रीतीने ओढण्याची एकच क्रिया एकदा फारसीत व एकदा मराठीत दुबार दप्तरी दाखल होते. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत 'सूचीवानकर्म' गणले आहे खरे, परंतु त्यातील सूची तेवढी 'सुई' होऊन घरात राहिली आणि कर्माचे नाव परभाषेने घेतले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, दरबारी यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. माजघरावर मात्र कोणत्याच कोशाचा अंमल बसला नाही, आणि आतले कापड ते 'अस्तर', वरचे ते 'अभ्रा', तोंड पुसावयाचा तो 'रुमाल', ही फारसी त्रयी सुईदोऱ्याच्या डब्यात निर्धास्त नांदत राहिली.

नावाची कथा अशी दरबारी असली, तरी कामाची कथा निराळी आहे. महाराष्ट्रात ज्याला 'कर्नाटकी कशिदा' म्हणतात ते काम धारवाड-विजापूरकडचे; कन्नडात त्याला 'कसूती' म्हणतात, आणि त्या नावात 'कै' म्हणजे हात व 'सूत' अशी फोड तिकडचे लोक करतात. 1956 साली प्रांतरचना होईपर्यंत तो मुलूख मुंबई राज्यातच होता, आणि इरकली लुगडे व गुळेदगुड्डचा खण यांना तर सरहद्द अशी कधी ठाऊकच नव्हती. तिकडील नववधूच्या काळ्या रेशमी चंद्रकळेवर गोपुरे, रथ, हत्ती, तुळशीवृंदावने उमटत, ती छाप मारून किंवा रेघ आखून नव्हे, तर कापडाचे उभे-आडवे धागे नुसत्या नजरेने मोजून.

टाके चारच. 'नेगी' विणकामासारखा दिसतो. 'मेंथी' म्हणजे मेथीदाण्यासारखी बारीक फुली. 'मुरगी' जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे चढत जाते. खरी परीक्षा 'गावंती'ची. तीत सुई जाताना एक घर वरून, एक घर खालून अशी जाते आणि त्याच वाटेने परतताना रिकामी राहिलेली घरे भरीत येते. गाठ मारावयाची नसते, म्हणून कळसापर्यंत चढून, प्रत्येक फाट्यावर आत-बाहेर करून, धाग्याने निघाल्या ठिकाणी सुखरूप यावे, अशी सगळी यात्रा पहिल्या टाक्यापूर्वीच मनात आखावी लागते. युरोपात याच टाक्याला होल्बाइन या सोळाव्या शतकातील चित्रकाराचे नाव मिळाले, कारण त्याच्या तसबिरींतील धनिकांच्या गळपट्ट्यांवर तो दिसतो. टाका घालणाऱ्या बायांचे नाव टाक्याला मिळाल्याचे ऐकिवात नाही.

सबंध लुगड्याची छाती सर्वांनाच कुठली? चोळी बेतून उरलेल्या खणाच्या वीतभर तुकड्यावर मुली हात बसवीत, आणि त्यातून बटवा, पानसुपारीची चंची, तान्ह्याची कुंची, पुढे रुखवतात मांडावयाचे उशांचे अभ्रे अशी लहानसहान संपत्ती जमे. माझी आत्या धारवाडकडे दिलेली. तिच्या हाताखाली मीही एकदा, पोरवयातील हौसेने, एक गोपूर काढावयास घेतले होते. तिने वरची बाजू पाहिलीच नाही. "उलटं करून दाखव पाहू," एवढेच म्हणाली. उलट बाजूस धाग्यांचे जळमट होते, आणि दर टाक्याला मी हिसका देऊन दोरा आवळल्यामुळे कळसाखालचे कापड चुणून आले होते. "दोरा ओढायचा रे, कापड नाही," म्हणत तिने सुईच्या नेढ्यातून दोरा काढला आणि सारे गोपूर टाका-टाका उसवले. फारसी व्युत्पत्ती मी पुढे बऱ्याच वर्षांनी वाचली.

तिचा एक बटवा माझ्याकडे आहे. जांभळ्या खणावर पांढऱ्या रेशमाचे गोपूर आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वृंदावने. मागच्या वर्षी त्याचे अस्तर विरून फाटले, तेव्हा बटवा उलटा करून मी प्रथमच आतून पाहिला. गोपूर आतही तसेच उभे होते, कोणती बाजू सुलट हे सांगता येऊ नये इतके. वृंदावनांच्या कुंड्या मात्र तिने मेंथीने भरलेल्या. मेंथी मागून सारखी दिसत नाही, आणि अस्तर नेमके तेवढ्याच जागी दुहेरी लावलेले होते.