खानदेशातील गाड्या, रथ आणि वहने

खानदेशात लाकडी वाहने तीन कामांसाठी घडत आली: शेतमालासाठी बैलगाडी, देवासाठी रथ व वहने, आणि मुलांच्या खेळासाठी हातभर लांबीची गाडी. आकार, उपयोग आणि मान यांत त्या वेगळ्या असल्या तरी त्यांच्या घडणीची रीत बरीचशी सारखी आहे. लाकूड पारखायचे, कूस आणि खाच जुळवायची, चाक गोल आणायचे आणि भार आसावर सारखा पडेल असा सांगाडा उभारायचा, हे तिन्हींत करावेच लागते. शेतातून लाकडी चाक जवळजवळ गेले आहे. त्यामागचे ज्ञान जिथे अजून कामात आहे, त्या मोजक्या जागांत जळगाव आणि धुळे परिसरातील रथ येतात.

या कारागिरीला कच्चा माल दिला तो सातपुड्याने. तापीच्या उत्तरेकडील डोंगर आणि पश्चिमेकडील जंगलपट्टा इथून साग, तिवस, अंजन, खैर ही लाकडे खाली येत. बाभूळ तर शेताच्या बांधावरच मिळे. प्रत्येक लाकडाची जागा ठरलेली असे. चिवट बाभूळ चाकाला, लवचिक आणि बळकट तिवस दांड्यांना, जड अंजन मार खाणाऱ्या भागांना आणि उन्हापावसात न वाकणारा साग साटीला, म्हणजे गाडीच्या वरच्या सांगाड्याला. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेले तळोदे ही तेव्हाच्या खानदेशातील इमारती लाकडाची मुख्य बाजारपेठ होती. खानदेशातल्या सर्वांत चांगल्या गाड्या तळोद्यात होतात आणि एका गाडीला सुमारे ४० रुपये पडतात, अशी नोंद ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये आहे.

चांगली गाडी ही फार जुनी गोष्ट नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या बऱ्याच भागांत गाडीचे चाक म्हणजे दगडाची किंवा भरीव लाकडाची चकती असे. आसही चाकाबरोबर फिरे. अशी गाडी ओढायला बैलांच्या अनेक जोड्या लागत, म्हणून लांबचा माल लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरूनच जाई. १८३० च्या दशकात लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याने सोलापूरकडील टेंभुर्णी येथे सुधारित गाड्यांचा कारखाना काढला. आऱ्यांच्या चाकाची हलकी गाडी त्यानंतर दख्खनभर पसरत गेली. खानदेशात तिला दोन गोष्टींनी बळ दिले. एक म्हणजे धुळे आणि शिरपूरवरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता, आणि दुसरी म्हणजे कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदुस्थानी कापसाला विलक्षण भाव आला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या मार्गाने पुढे सरकली. रुळांवर वाफेचे इंजिन धावू लागले तरी कापूस शेतातून स्टेशनावर आणायचा तो गाडीनेच. त्यामुळे आगगाडीने बैलगाडी मागे हटवली नाही, उलट तिचे काम वाढवले. १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला आणि त्याच सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत आली, तेव्हाही हेच घडले.

गाडीच्या घडणीत सर्वांत कठीण भाग चाकाचा. मध्यभागी लाकडाचा घडीव तुंबा असतो. त्याच्या भोवती खाचा कोरून त्यांत आरे ठोकून बसवतात. आऱ्यांची दुसरी टोके पुठ्यांत जातात. पुठे म्हणजे वर्तुळाचे वाकडे तुकडे. साधारणपणे एका पुठ्यात दोन आरे येतात, म्हणून सहा पुठ्यांच्या चाकाला बारा आरे लागतात. या सगळ्या जोडणीत खिळा नसतो. लाकूड लाकडाला धरून ठेवते. इथवरचे काम सुताराचे, पुढचे लोहाराचे. लोखंडी पट्टीची कडी, म्हणजे धाव, चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान करतात. जमिनीवर गोवऱ्यांचा गोल रचून ती त्यात लाल होईपर्यंत तापवतात. तापलेले लोखंड फुगते. चारपाच माणसे मोठ्या चिमट्यांनी कडी उचलून चाकावर उतरवतात, घणाने ती सारखी करतात आणि जळू लागलेल्या लाकडावर भराभर पाणी ओततात. निवताना धाव आवळत जाते आणि तिच्याबरोबर पुठे, आरे व तुंबा एकमेकांत घट्ट बसतात. कडी प्रमाणाबाहेर लहान झाली तर चाक वाकते, मोठी झाली तर उन्हाळ्यात लाकूड सुकताच निघून येते. हे माप लोहार हातातल्या छोट्या चाकीने धरी. ती चाकी लाकडाच्या कडेवर फिरवून फेरे मोजायचे आणि तेवढेच फेरे, थोडे कमी धरून, पट्टीवर मोजायचे. सुतार आणि लोहार दोघेही गावचे बलुतेदार. गाड्या दुरुस्त ठेवायच्या आणि हंगामाला धान्याचा वाटा घ्यायचा, असा हा व्यवहार होता.

देवाच्या रथात हीच रीत मोठ्या मापावर येते. रथ म्हणजे चाकांवर उभे केलेले देऊळ. खाली जाड तुळयांचा चौथरा आणि चाके, त्यावर खांबांची मखरासारखी चौकट, वर निमुळते होत जाणारे मजले आणि शेवटी शिखर व कळस, अशी त्याची सर्वसाधारण रचना. पुढच्या बाजूला लाकडी घोडे आणि सारथी बसवतात. देवळात जो भार दगडी पायावर जातो, तो इथे दोन आसांवर पेलायचा असतो आणि शिवाय चालवायचाही असतो. म्हणून रथ उंच करताना वरचे मजले हलके आणि खालचा चौथरा जड ठेवावा लागतो. नाहीतर खड्ड्यात चाक गेले की शिखर झोके घेऊ लागते.

रथांची इतकी दाट परंपरा महाराष्ट्रात फार थोड्या भागांत आढळते. नाशिकला चैत्रातील कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात, सांगलीकडील तासगावला गणपतीचा रथ आहे. खानदेशात मात्र मोठ्या गावागावाला स्वतःचा रथ दिसतो. धुळ्यात खोल गल्लीतील बालाजीचा रथ आश्विनातील पाशांकुशा एकादशीला निघतो. शिरपूर, पारोळे आणि चोपडे येथेही बालाजीचे रथ आहेत. अमळनेरला संत सखाराम महाराजांच्या यात्रेत वैशाख शुद्ध एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी असते. बोरी नदीच्या पात्रात तेव्हा मोठी यात्रा भरते. जळगावजवळच्या, आता शहरातच आलेल्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ ओढतात.

बालाजीच्या उत्सवांचा साचा तिरुपतीच्या ब्रह्मोत्सवाशी जुळतो. तिथे आश्विनात देव शेष, हंस, सिंह, गरुड, हनुमान, हत्ती, सूर्यप्रभा, चंद्रप्रभा, अश्व अशा वेगवेगळ्या वाहनांवर बसून निघतो आणि उत्सवाच्या शेवटाकडे रथ येतो. आधी वहने आणि मग रथ हा क्रम खानदेशातही आहे. त्यामुळे गावातल्या कारागिरांकडे दोन वेगळी कामे आली. रथ हे बांधकाम होते, तर वहन हे कोरीवकाम. वहनात देवाची उत्सवमूर्ती ज्याच्यावर बसायची, तो प्राणी किंवा देवता लाकडात घडवायची, रंगवायची आणि मिरवणुकीत मूर्ती हलणार नाही अशी बैठक तिच्यावर करायची असते.

जळगावचा श्रीराम रथोत्सव या परंपरेचे सर्वांत मोठे उदाहरण. जुन्या जळगावातील श्रीराम मंदिर संस्थानाचा हा उत्सव संत अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केला. आषाढी वारीसाठी पंढरपूरला जाणारी जळगावची पालखीही त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोज रात्री एक वहन निघते: घोडा, हत्ती, सिंह, मोर, गरुड, मारुती, सरस्वती, सूर्य, चंद्र आणि इतर. प्रबोधिनी एकादशीला सागवानी रथ बाहेर पडतो. झेंडूच्या माळा, केळीचे खांब आणि रोषणाई यांनी तो सजवलेला असतो. जुन्या गावातील गल्लीबोळांतून दिवसभर फिरून तो रात्री परततो. वाटेत भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीजवळ रथ थांबतो आणि तिथे चादर चढवली जाते. अप्पा महाराज आणि लालशा बाबा यांच्या स्नेहाची ही आठवण आजही हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांचे लोक मिळून पाळतात. उत्सवाचा आरंभ ज्या काळात झाला, तो जळगावच्या भरभराटीचा काळ होता. रेल्वेने कापसाची पेठ उभी केली होती आणि मूळजी जेठा यांच्या कापडगिरणीची उभारणीही त्याच दशकातली.

रथाला ना सुकाणू असते, ना ब्रेक. पुढे दोरांना लागलेले शेकडो लोक त्याला फक्त ओढतात. थांबवायचे आणि वळवायचे काम मोगरी करते. मोगरी म्हणजे चाकाखाली सारायची जड लाकडी पाचर. ती धरणारी माणसे चालत्या चाकालगत वाकून चालतात. एका बाजूच्या चाकाला मोगरी लावली की ती बाजू अडते, दुसरी पुढे येते आणि रथ वळतो. दोन्ही बाजूंनी एकदम लावली की थांबतो. उतारावर घाई झाली तर पाचर चिरडते, उशीर झाला तर रथ एखाद्या घराच्या ओट्यावर जातो. गल्लीची रुंदी, चढउतार आणि ओढणाऱ्यांचा जोर यांचा अंदाज पुस्तकात मिळत नाही. वडीलधाऱ्यांच्या बरोबरीने वर्षानुवर्षे चाकाजवळ चालूनच तो येतो. म्हणून रथ ओढणे सर्वांसाठी खुले असले तरी मोगरी मात्र जाणत्या हातांतच देतात.

गावोगावच्या यात्रांत साध्या बैलगाडीचाही असाच मान होतो. खंडेराव किंवा मरीमातेच्या यात्रेत बारागाड्या ओढतात. बैल न जुंपता गाड्या एकीमागे एक बांधतात, त्यांवर माणसे बसतात आणि कमरेला आकडा बांधलेला भगत दोन बगल्यांच्या, म्हणजे बाजूने धावणाऱ्या साथीदारांच्या, मदतीने ती रांग ओढत धावतो. इथे गाड्यांची जोडणी महत्त्वाची असते. एकीचा जोर दुसरीवर तिरपा गेला तर रांग उलटते, म्हणून चाके, आस आणि बांधणीचे दोर आदल्या दिवशीच तपासतात. यात्रेतला तगतराव म्हणजे सजवलेल्या गाडीवरचा मंच. तमाशातील कलावंतांना त्यावर बसवून गावातून मिरवतात.

आता तिसरा प्रकार, लहान गाड्यांचा. खानदेश हा ज्वारी-बाजरीचा मुलूख. कणसे खुडली की मुलांच्या हाती धांडे येत. धांड्याची वरची साल सोलली की आत मऊ, पांढरा गर निघतो. सालीच्या बारीक चिरफळ्या काढल्या की त्या टोकदार सुयांसारख्या होतात. गराचे तुकडे म्हणजे तुळया आणि चिरफळ्या म्हणजे खिळे. एवढ्यावर साटी, दांड्या, जू आणि शिवळा, म्हणजे जुवाच्या खुंट्या, यांसकट सगळी गाडी उभी राही. चाकांसाठी गराच्या चकत्या किंवा जुन्या चपलेचे रबर कापून घेत. पुढे तारेच्या गाड्याही आल्या. पोळ्याला मातीचे बैल होत, ते या गाडीला जुंपत. खऱ्या गाडीत आस कुठे असतो, जू किती पुढे घ्यावे, ओझे मागे पडले तर दांड्या का उचलतात, हे सुताराच्या मुलाला इथेच कळे. तयार माल नसताना, समोरच्या खऱ्या वस्तूकडे पाहून, प्रत्येक भाग हाताने करत प्रतिकृती उभारण्याची ही अस्सल पद्धत होती.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर टायरची गाडी आली. तिला लोखंडी आस, बेअरिंग आणि मोटारीसारखी चाके असल्याने ओझे जास्त नेता येई आणि रस्ताही उखडत नसे. मग ट्रॅक्टर आणि ट्रॉली आली. धाव चढवणारे लोहार कमी होत गेले आणि तळोद्यासारख्या गावांची गाड्यांची ख्याती मागे पडली. रथांमध्येही बदल झाले. मशाली आणि पलित्यांच्या जागी गॅसबत्त्या आल्या, मग विजेचे दिवे. रस्त्यावर विजेच्या तारा आल्यामुळे रथाच्या उंचीला मर्यादा पडली. मिरवणुकीच्या दिवशी मार्गावरील वीजपुरवठ्याची आणि तारांची व्यवस्था आधी लावावी लागते.

पुरीच्या जगन्नाथाचे तीनही रथ दरवर्षी नव्या लाकडातून बांधतात. सोळा चाकांच्या नंदीघोषापासून सगळे पुन्हा घडत असल्याने तिथल्या कारागिरांचा हात कधी थांबत नाही. खानदेशातील रथ कायमचे असतात. वर्षभर ते रथघरात उभे असतात आणि उत्सवाआधी त्यांची फक्त डागडुजी होते. त्यामुळे जुने लाकूडकाम टिकते, पण नवा रथ बांधण्याची वेळ पिढीत एखाद्याच कारागिरावर येते. एक खिळखिळा आरा बदलणे, सैल पुठा आवळणे, झिजलेली मोगरी नव्याने घडवणे, एवढ्याच कामांवर हे ज्ञान आज जगते आहे. म्हणून दुरुस्तीच्या वेळी रथाची मापे घेणे, प्रत्येक सांध्याचा आराखडा काढणे आणि त्याबरहुकूम लहान प्रतिकृती करून ठेवणे हे उत्सवाइतकेच गरजेचे काम आहे. गावातले सुतार, संस्थाने आणि तंत्रनिकेतनांतील विद्यार्थी यांनी ते मिळून केले, तर पुढचा रथ बांधताना कारागिराला आठवणींवर विसंबून राहावे लागणार नाही.