गीतांचा अनुक्रम : तबकडीपासून खिशातील यंत्रापर्यंत

सुटे गीत कोठेही ऐकावे. गीतमालिका मात्र तिच्या क्रमानेच ऐकावी लागते. कथा गीतांतून सांगितलेली असेल तर हा क्रम रचनेचाच भाग असतो. खिशात मावणाऱ्या संगीतयंत्रांत शेकडो गीतांची सोय झाली, पण नेमका हा क्रम अनेकदा हरवला. तो कसा हरवला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

‘अल्बम’ हे मुळात एका वस्तूचे नाव. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावे. दीर्घ रचनेला अनेक तबकड्या लागत आणि त्या छायाचित्रांच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत ठेवीत. पुढे एकावर एक रचलेल्या तबकड्या आपोआप खाली सोडणारी यंत्रे आली. त्यांच्यासाठी पहिल्या बाजूच्या पाठीवर दुसरी न घेता शेवटची बाजू घेण्याची युक्ती निघाली. सर्व तबकड्या एका अंगाने वाजल्या की गठ्ठा तसाच उलटायचा, क्रम अबाधित! १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने दीर्घवादन तबकडी आणली, १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली. फितीवर तर क्रम मोडणेच कष्टाचे होते.

आपल्या मराठी घरांना जवळचे उदाहरण ‘गीतरामायणा’चे. ग. दि. माडगूळकरांची शब्दरचना आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली ही मालिका पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला सुरू झाली. आठवड्यास एक याप्रमाणे वर्षभराची योजना होती. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीते ५६ झाली. पहिल्या गीतात कुश-लव प्रत्यक्ष श्रीरामांसमोर रामकथा गातात. अखेरच्या गीतात वाल्मीकी त्याच बालकांना ती कथा गाण्याची आज्ञा करतात. अशा रीतीने शेवटाचा धागा आरंभाला येऊन मिळतो. आता हीच गीते यंत्राने अकारविल्हे लावली, तर ‘ग’ने सुरू होणारे अखेरचे गीत आरंभाजवळ येते आणि ‘स’ने सुरू होणारे पहिले गीत पार शेवटाकडे जाते. मधला वनवास, सीताहरण, सेतुबंधन यांची काय गत होत असेल, हे सांगायला नको.

हा घोटाळा उद्भवला कोठे? १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीच्या मूळ पद्धतीत गीतांची नावे नव्हतीच. होते ते केवळ क्रमांक. पुढे सीडीवरील गीतांच्या एमपी-३ धारिका होऊ लागल्या, तेव्हा प्रत्येक गीत मालिकेपासून सुटे झाले. १९९६ मध्ये अशा धारिकेच्या शेवटी १२८ अक्षरांची माहितीपट्टी जोडण्याची सोय झाली. तीत गीत, गायक आणि अल्बम यांच्या नावांना प्रत्येकी ३० जागा होत्या, वर्षाला चार होत्या, पण क्रमांकाला एकही नव्हती! पुढच्याच वर्षी शेऱ्याच्या रकान्यातील दोन जागा काढून घेऊन क्रमांकाची व्यवस्था करण्यात आली. ज्यांनी शासकीय नस्तीला पृष्ठक्रमांक घालण्यात आयुष्य घालविले, त्या आम्हा मंडळींना ही उणीव विशेष जाणवते.

२३ ऑक्टोबर २००१ रोजी अ‍ॅपल कंपनीने हजार गीते साठविणारा आयपॉड जाहीर केला. आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये बंद झाले, परंतु क्रमाचा प्रश्न मोबाइल व पेनड्राइव्ह यांच्याकडे वारशाने आला. त्याचे उपाय साधे आहेत. धारिकेच्या नावाआधी क्रमांक द्यावा आणि तो ‘१, २’ असा न देता ‘०१, ०२’ असा द्यावा. कारण नुसती अक्षरे पाहणारे यंत्र १ नंतर २ न घेता १० घेते. संच अनेक सीडींचा असेल, तर प्रत्येक सीडीचा क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो आणि सगळी पहिली गीते एकत्र जमतात. तेव्हा ०१ ते ५६ असा सलग क्रम आपणच घालावा. हाच क्रमांक माहितीपट्टीतही भरावा, कारण काही यंत्रे नावाकडे न पाहता तीच वाचतात. स्वस्त यंत्रे तर धारिका ज्या क्रमाने भरल्या त्याच क्रमाने वाजवितात. तेथे एकेक गीत ओळीने भरणे हाच मार्ग.

हा खटाटोप कशासाठी? महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या घरांतील नातवंडे मराठी बोलतात, पण पुष्कळांना ती सहज वाचता येत नाही. रामकथेचे मराठी रूप त्यांच्यापर्यंत पोहोचणार ते कानांवाटेच. त्यांनी ते ऐकायला घेतले, तर निदान रामजन्म वनवासाच्या आधी यावा, एवढी व्यवस्था आपण वडीलधाऱ्यांनी एका दुपारी बसून करून ठेवावी.